भारतातील संगीत हक्क

संगीत हक्क म्हणजे गीताचे शब्द, त्याची चाल, त्याचे गायन-वादन आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांची मालकी, वापर व मोबदला यांविषयी कायद्याने मान्य केलेले अधिकार होत. भारतात हे हक्क मुख्यतः प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्याने नियंत्रित होतात. हा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात पुढे वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. संगीताच्या दृष्टीने १९९४ आणि २०१२ या वर्षांतील दुरुस्त्या सर्वांत महत्त्वाच्या मानल्या जातात.

मुंबई हे भारतीय चित्रपटसंगीताचे आणि ध्वनिमुद्रण व्यवसायाचे प्रमुख केंद्र असल्याने या विषयावरील अनेक वाद, करार व न्यायनिर्णय याच शहरात घडले. गाण्याचे पैसे कोणाला मिळावेत, हा या सर्व वादांचा गाभा होता. चित्रपटगीतांच्या बाबतीत लिखित करार व कायद्याची कलमे यांच्या आधारे हा प्रश्न लढला गेला. शाहिरी, भीमगीते व लोकगीते यांची परंपरा मात्र मौखिक असल्याने तेथे मालकी सिद्ध करणे हीच मोठी अडचण राहिली. घाटकोपरच्या चिराग नगरात वास्तव्य केलेले लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या रचना हे या दुसऱ्या प्रकाराचे लक्षणीय उदाहरण आहे.

## एका गाण्यातील निरनिराळे हक्क

सर्वसामान्य श्रोत्याच्या दृष्टीने गाणे ही एकच वस्तू असते. कायदा मात्र त्यात किमान चार घटक वेगळे मानतो.

* साहित्यकृती – गीताचे शब्द. यांचा प्रथम मालक सामान्यतः कवी किंवा गीतकार असतो.
* संगीतकृती – चाल किंवा स्वररचना. हिचा कर्ता संगीतकार होय.
* ध्वनिमुद्रण – प्रत्यक्ष मुद्रित झालेला आवाज. याचा कर्ता कायद्याच्या भाषेत निर्माता, म्हणजे बहुधा ध्वनिमुद्रिका कंपनी किंवा चित्रपटनिर्माता असतो.
* प्रयोगकर्त्याचे हक्क – गायक व वादक यांना त्यांच्या सादरीकरणावर मिळणारे हक्क. हे प्रताधिकाराहून वेगळे, पण त्याला समांतर असतात.

या घटकांचे मालक आणि त्यांच्या मुदती वेगवेगळ्या असू शकतात. संत तुकारामांच्या अभंगांचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत. ते कोणीही छापू वा गाऊ शकतो. परंतु श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकर यांच्यासाठी ‘अभंग तुकयाचे’ या संग्रहात त्यांना दिलेल्या चाली ही स्वतंत्र संगीतकृती आहे. खळे यांचे निधन २०११ साली झाले असल्याने या चालींवरील प्रताधिकार २०७१ च्या अखेरीपर्यंत टिकतो. त्या संग्रहाचे ध्वनिमुद्रण ही तिसरी, निराळी मालमत्ता होय. त्यामुळे तोच अभंग पारंपरिक चालीत गाण्यास परवानगी लागत नाही, तर खळे यांच्या चालीत त्याचे नवे मुद्रण करावयाचे झाल्यास ती लागते.

## इतिहास

### ध्वनिमुद्रिकांचा काळ

१९०२ च्या नोव्हेंबरात कोलकाता येथे गौहर जान यांच्या गायनाचे मुद्रण झाले आणि भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ झाला. ग्रामोफोन कंपनीने पुढे कोलकात्याजवळ डमडम येथे कारखाना उभारला. महाराष्ट्रात या नव्या माध्यमाला संगीत रंगभूमीने मोठा पुरवठा केला. बालगंधर्वांसारख्या नटांच्या नाट्यपदांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. नाट्यपदांत नाटककार, चाल देणारा गायक-संगीतकार, नाटक कंपनी आणि गाणारा नट असे अनेक घटक असत.

त्या काळी ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवरील १९१४ चा प्रताधिकार कायदा लागू होता. १९४१ साली ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी आपल्या मुद्रणांच्या सार्वजनिक वापराचे शुल्क गोळा करण्यासाठी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड अर्थात पीपीएल ही संस्था स्थापन केली. गीतकार व संगीतकार यांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी अर्थात आयपीआरएस ही संस्था १९६९ साली मुंबईत स्थापन झाली.

### गायकांच्या स्वामित्वधनाचा वाद

१९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून पार्श्वगायकांनाही रॉयल्टी, म्हणजेच स्वामित्वधन, मिळावे अशी मागणी लावून धरली. गाण्याचे मानधन एकदा स्वीकारल्यावर गायकाचा हक्क संपतो, अशी मोहम्मद रफी यांची भूमिका होती. या मतभेदामुळे काही वर्षे दोघांनी एकत्र गाणी गायली नाहीत. त्या वेळच्या कायद्यात गायकाला कोणताच स्वतंत्र हक्क नव्हता. त्यामुळे हा वाद कायद्याचा नसून कराराचा व व्यवसायातील प्रथेचा होता.

### १९७७ चा निर्णय

आयपीआरएसने आपले शुल्कपत्रक प्रसिद्ध केल्यावर चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनांनी त्यास हरकत घेतली. चित्रपटातील गीते व संगीत आम्ही पैसे देऊन करवून घेतलेले आहे, त्यामुळे त्यांचे मालक आम्हीच, असे त्यांचे म्हणणे होते. प्रताधिकार मंडळाने संस्थेच्या बाजूने कौल दिला. कोलकाता उच्च न्यायालयाने तो फिरवला. १४ मार्च १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन’ या खटल्यात निर्मात्यांचे म्हणणे मान्य केले. कलम १७ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, मोबदला देऊन गीत-संगीत करवून घेणारा निर्माताच त्याचा प्रथम मालक ठरतो, असे न्यायालयाने म्हटले.

या निर्णयास न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडले. संगीतकाराला संरक्षण देणारा कायदा गायकाला मात्र वाऱ्यावर सोडतो, या विसंगतीकडे त्यांनी संसदेचे लक्ष वेधले. निर्णयाचा व्यावहारिक परिणाम दूरगामी झाला. पुढील सुमारे ३५ वर्षे चित्रपटगीतांच्या बहुतेक करारांत गीतकार व संगीतकार एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क निर्मात्यास देत; निर्माता ते ध्वनिमुद्रिका कंपनीस विकत असे.

### कॅसेटचे युग

१९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे बाजारपेठ एकाएकी विस्तारली. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने जुन्या गाण्यांची नव्या आवाजांतील मुद्रणे मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. मालकास सूचना व ठरावीक स्वामित्वधन देऊन असे मुद्रण करण्याची मुभा तत्कालीन कलम ५२ मध्ये होती. तिच्या अर्थावरून ग्रामोफोन कंपनी व सुपर कॅसेट्स यांच्यात न्यायालयीन लढाया झाल्या. महाराष्ट्रात याच माध्यमाने भक्तिगीते, लोकगीते आणि भीमगीते गावोगावी नेली.

### १९९४ ची दुरुस्ती

या दुरुस्तीने दोन मूलभूत बदल केले. पहिला संगीतकृतीच्या व्याख्येचा होता. १९५७ च्या मूळ व्याख्येनुसार लिपिबद्ध किंवा आलेखित झालेली स्वररचनाच संगीतकृती ठरत असे. भारतीय संगीताची बहुतांश निर्मिती स्वरलेखनाशिवाय होत असल्याने ही व्याख्या येथील परंपरेस गैरलागू होती. नव्या व्याख्येत लेखनाची अट काढून टाकण्यात आली. दुसरा बदल म्हणजे गायक, वादक व अन्य कलावंतांना प्रथमच प्रयोगकर्त्याचे हक्क मिळाले. त्यांची मुदत आरंभी २५ वर्षे होती. १९९९ साली ती ५० वर्षे करण्यात आली.

### २०१२ ची दुरुस्ती

राज्यसभेचे नियुक्त सदस्य असलेले गीतकार जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीसाठी विशेष प्रयत्न केले. मे २०१२ मध्ये संसदेने ती संमत केली व २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. तिच्यातील प्रमुख तरतुदी अशा :

* चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या गीत-संगीताच्या कर्त्याने प्रताधिकार हस्तांतरित केला, तरी चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता चित्रपटगीताच्या इतर वापरांतून येणारे स्वामित्वधन समान वाट्याने मिळण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. हा हक्क तो फक्त आपल्या वारसांना किंवा हक्क संस्थेलाच देऊ शकतो. अन्य कोणाशी त्याविरुद्ध केलेला करार निरर्थक ठरतो.
* करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसल्यास तो करार त्या माध्यमास लागू होत नाही.
* नव्या आवाजातील मुद्रणासाठी मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबणे आणि प्रत्येक वर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन देणे बंधनकारक झाले.
* गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. तसेच आपले नाव दिले जाण्याचा व सादरीकरणाची विकृती रोखण्याचा नैतिक हक्कही मिळाला.

## मालकीचे हस्तांतरण व विक्री

प्रताधिकार जंगम मालमत्तेप्रमाणे विकता, वाटून देता किंवा वारसाहक्काने मिळवता येतो. विक्री म्हणजे अभिहस्तांकन. ते लेखी व हक्क देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. तोंडी विक्रीला कायदा मान्यता देत नाही. करारात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे नमूद करणे आवश्यक असते. मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिलेला नसल्यास करार भारतापुरता मानला जातो. करारात वेगळे ठरलेले नसेल आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्यांचा वापर केला नसेल, तर ते हस्तांतरण रद्द समजले जाते.

परवाना हा विक्रीहून वेगळा असतो. परवान्यात मालकी मूळ मालकाकडेच राहते व वापराची मर्यादित मुभा मिळते. घर विकणे आणि भाड्याने देणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

गाण्यांचा संपूर्ण संग्रह विकत घेण्याचे व्यवहारही होतात. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया १९८० च्या दशकाच्या मध्यास आरपीजी समूहाकडे गेली आणि २००० साली तिचे नाव सारेगामा झाले. कंपनीच्या मालकीबरोबर दशकांचा ध्वनिमुद्रित वारसाही हस्तांतरित झाला. परदेशांत बॉब डिलन यांनी २०२० साली आपल्या गीतांचे हक्क युनिव्हर्सल कंपनीस विकले. टेलर स्विफ्ट यांच्या पहिल्या सहा संग्रहांची मूळ मुद्रणे २०१९ साली दुसऱ्याच्या मालकीची झाली. गीतांवरील हक्क त्यांच्याकडे असल्याने त्यांनी २०२१ पासून यांपैकी काही संग्रहांची नवी मुद्रणे प्रसिद्ध केली आणि २०२५ साली मूळ मुद्रणेही विकत घेतली. शब्द-चाल आणि मुद्रण या दोन निराळ्या मालमत्ता कशा असतात, हे या घटनेतून स्पष्ट होते. भारतात मात्र गीतकार-संगीतकाराने सर्व हक्क विकले, तरी वर सांगितलेला स्वामित्वधनाचा वाटा त्रयस्थास विकता येत नाही.

विक्रीनंतरही कर्त्याचे नैतिक हक्क उरतात. कृतीचा कर्ता म्हणून नाव लावले जाणे आणि कृतीची प्रतिष्ठेस बाधक ठरेल अशी मोडतोड रोखणे हे ते हक्क होत.

## परवान्यांचे प्रकार

* पुनरुत्पादन परवाना – गाण्याच्या प्रती काढणे किंवा नवे मुद्रण करणे यांसाठी.
* चित्रजोड परवाना – चित्रपट, मालिका किंवा जाहिरातीत गाणे दृश्यांशी जोडण्यासाठी. यासाठी शब्द, चाल व मूळ मुद्रण यांच्या मालकांची संमती लागते.
* सार्वजनिक सादरीकरण परवाना – उपाहारगृह, दुकान, सभागृह, संगीतरजनी इत्यादी ठिकाणी गाणे वाजवण्यासाठी किंवा गाण्यासाठी.
* प्रसारण परवाना – नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी. कलम ३१ड नुसार प्रसारकांना ठरवून दिलेले दर भरून वैधानिक परवाना मिळू शकतो.
* आंतरजालीय परवाना – गाणी ऐकवणाऱ्या संकेतस्थळांसाठी व उपयोजनांसाठी. याच्या अटी वाटाघाटींतून ठरतात.

## हक्क संस्था

प्रत्येक गीतकाराने प्रत्येक उपाहारगृहाकडे जाऊन पैसे मागणे अशक्य असते. त्यामुळे सभासदांच्या वतीने परवाने देणाऱ्या व गोळा झालेली रक्कम वाटणाऱ्या संस्था निर्माण झाल्या. गीतकार, संगीतकार व त्यांचे प्रकाशक यांच्यासाठी आयपीआरएस काम करते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिची हक्क संस्था म्हणून फेरनोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. गायकांसाठी २०१३ साली इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन स्थापन झाली. पुढे वादकांचाही समावेश करून तिचे नाव इसाम्रा असे झाले. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत पीपीएल व आरएमपीएल या संस्था कार्यरत आहेत. आयपीआरएस व पीपीएल यांची कार्यालये मुंबईच्या अंधेरी उपनगरात आहेत.

वाटप अचूक व्हावे म्हणून प्रत्येक मुद्रणास आयएसआरसी हा १२ अक्षरांकांचा सांकेतिक क्रमांक दिला जातो, तर शब्द-चालीच्या कृतीस आयएसडब्ल्यूसी हा वेगळा क्रमांक मिळतो. जी कृती संस्थेकडे नोंदलेलीच नाही, तिच्या वापराचे पैसे गोळा झाले तरी कर्त्यापर्यंत पोहोचत नाहीत.

## प्रमुख न्यायालयीन वाद

नभोवाणी : खासगी एफएम केंद्रे सुरू झाल्यावर दरांचा प्रश्न उपस्थित झाला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अवाजवी अटी घातल्या गेल्यास प्रसारक सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतात, असा निर्णय दिला. २०१० साली प्रताधिकार मंडळाने ध्वनिमुद्रणांसाठी केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के असा दर ठरवला. मुद्रणाचे शुल्क भरल्यावर गीतकार-संगीतकारांना वेगळे पैसे द्यावे लागतात काय, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली नकारार्थी उत्तर दिले होते. २०१२ च्या दुरुस्तीमुळे परिस्थिती बदलली आणि २८ एप्रिल २०२३ रोजी त्याच न्यायालयाने नभोवाणी केंद्रांनी गीतकार-संगीतकारांनाही स्वामित्वधन द्यावे असे ठरवले.

आंतरजाल : ‘टिप्स विरुद्ध विंक’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०१९ रोजी कलम ३१ड मधील वैधानिक परवाना आंतरजालीय सेवांना लागू नाही, असा निर्णय दिला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी खंडपीठाने तो कायम केला.

नोंदणी नसलेल्या संस्था : नोंदणीकृत हक्क संस्था नसताना एखाद्या कंपनीस परवाने देता येतात काय, याविषयी न्यायालयांत मतभिन्नता आहे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, मालक म्हणून कंपनी स्वतः परवाने देऊ शकते, असे म्हटले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वेगळी भूमिका घेतली व तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

## मुदत व सार्वजनिक अधिक्षेत्र

शब्द व चाल यांवरील प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे असते. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्याचा प्रताधिकार १९९१ च्या अखेरीस संपत आला, तेव्हा ती १० वर्षांनी वाढवण्यात आली. मुदत संपलेली कृती सार्वजनिक अधिक्षेत्रात येते, म्हणजे ती सर्वांना मुक्तपणे वापरता येते.

कर्ते अनेक असल्यास मुदती वेगवेगळ्या संपतात. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झाले. कवी ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ साली व संगीतकार सुधीर फडके यांचे २००२ साली झाले. कर्त्याच्या मृत्यूपासून गणना केल्यास शब्दांची मुदत २०३७ च्या, तर चालींची २०६२ च्या अखेरीस संपते. १९६४ साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपले. तथापि त्यांतील शब्द किंवा चाल संरक्षित असल्यास केवळ मुद्रणाची मुदत संपल्याने ते गाणे पूर्णतः मुक्त होत नाही.

## शाहिरी परंपरा आणि घाटकोपर

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. मुंबईत गिरणी कामगारांच्या चळवळीशी ते जोडले गेले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. घाटकोपरमधील चिराग नगर या झोपडपट्टीत त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते आणि त्यांचे बरेचसे लेखन तेथेच झाले. त्यांचे पोवाडे, लावण्या व छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभांमधून गायले गेले.

अशा रचनांच्या मालकीचा विचार करताना शब्द व चाल यांत भेद करावा लागतो. शाहिराने पारंपरिक चालीवर नवे शब्द बांधले असतील, तर चालीवर कोणाचीच मालकी नसते. शब्दांवर मात्र त्याचा पूर्ण प्रताधिकार असतो. गीत छापलेले नव्हते किंवा त्याची नोंदणी केलेली नव्हती, म्हणून हा हक्क नष्ट होत नाही. मात्र चळवळीतील गीत तोंडोतोंडी पसरते, निरनिराळी कलापथके त्यात भर घालतात आणि मूळ लेखी प्रत हाती नसते. त्यामुळे हक्क असला तरी तो सिद्ध करणे अवघड जाते.

मराठी परंपरेत यावर नाममुद्रेचा उपाय पूर्वापार आहे. संतांनी अभंगाच्या अखेरीस आणि शाहिरांनी कवनाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफले. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनीही आपल्या भीमगीतांत हीच पद्धत अनुसरली. गीत कोणीही, कोठेही गायले तरी कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर जात राही. नैतिक हक्कांतील नामनिर्देशाचे काम ही मुद्रा कायद्याविना करीत होती. मोबदल्याची हमी मात्र तिच्यात नव्हती आणि शेवटचे कडवे गाळून गायल्यास नावही उरत नसे. वामनदादांच्या मूळ रचना २०६४ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लेखणी व वाणीने अग्रभागी असलेले तीन साहित्यिक एकाच वर्षी, तीन महिन्यांच्या आत निवर्तले. आचार्य प्र. के. अत्रे यांचे निधन १३ जून १९६९ रोजी, अण्णा भाऊ साठे यांचे १८ जुलै रोजी आणि अमर शेख यांचे २९ ऑगस्ट रोजी झाले. त्यामुळे तिघांच्याही हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांच्या शब्दांवरील प्रताधिकार ३१ डिसेंबर २०२९ रोजी संपेल व १ जानेवारी २०३० पासून ते शब्द सार्वजनिक अधिक्षेत्रात येतील. त्या दिवसापर्यंत ही गीते व्यापारी तत्त्वावर मुद्रित करणाऱ्यास हक्कधारकांची परवानगी आवश्यक आहे. त्यानंतर परवानगी लागणार नाही. परंतु इतर कलावंतांनी केलेली मुद्रणे आणि नव्याने बांधलेल्या चाली आपापल्या मुदतीपर्यंत संरक्षित राहतील.

## दैनंदिन व्यवहारातील सवलती व मर्यादा

कायद्याच्या कलम ५२ मध्ये परवान्याशिवाय मान्य असलेले वापर सांगितले आहेत. घाटकोपरसारख्या उपनगरातील नेहमीच्या प्रसंगांवरून ते समजून घेता येतात.

* गृहनिर्माण संस्थेच्या बंदिस्त सामाईक सभागृहात, रहिवाशांसाठी असलेल्या सोयीचा भाग म्हणून ध्वनिमुद्रित गाणी लावल्यास परवाना लागत नाही. हीच गाणी हॉटेलात लावल्यास लागतो.
* हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेले गायन सवलतीत येते. तिकीट लावलेल्या गरब्याला किंवा वाद्यवृंदाला ही सवलत मिळत नाही.
* खरोखरीच्या धार्मिक विधीत संगीत वाजवण्यास मुभा आहे. लग्नाची वरात व लग्नाशी निगडित अन्य सामाजिक समारंभ यांचा धार्मिक विधीत समावेश असल्याचे कायद्यातील स्पष्टीकरणात म्हटले आहे.
* उपाहारगृह, केशकर्तनालय किंवा कपड्यांचे दुकान येथे ग्राहकांसाठी संरक्षित गाणी लावल्यास परवाना आवश्यक असतो. वैयक्तिक वापरासाठी घेतलेले उपयोजनाचे वर्गणीशुल्क त्यासाठी पुरेसे ठरत नाही.

लग्नाविषयीची सवलत वादग्रस्त ठरली आहे. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ रोजी सूचना काढून, विवाहसमारंभातील संगीतासाठी हक्क संस्थांनी शुल्क मागू नये, असे कळवले. गोवा सरकारनेही ३० जानेवारी २०२४ रोजी तशाच आशयाचे परिपत्रक काढले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ ऑगस्ट २०२४ रोजी ते परिपत्रक रद्द केले. कायद्यात जे आहे त्याहून अधिक सवलत शासनाला परिपत्रकाद्वारे देता येत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. कायद्यातील मूळ सवलत मात्र अबाधित राहिली. एखादा समारंभ तिच्यात बसतो की नाही, हे त्या त्या प्रसंगाच्या वस्तुस्थितीवरून ठरते.

## नोंदणी व उल्लंघन

प्रताधिकार कृती निर्माण होताच प्राप्त होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तथापि दिल्ली येथील प्रताधिकार कार्यालयातील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. २०१३ च्या नियमांनुसार साहित्यकृती किंवा संगीतकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाचे २,००० रुपये ठेवण्यात आले. दिनांकित हस्तलिखित, छापील संग्रह, मूळ मुद्रण व लेखी करार हेही मालकीचे पुरावे ठरू शकतात.

उल्लंघन झाल्यास मालक दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागू शकतो. जाणूनबुजून केलेले उल्लंघन हा फौजदारी गुन्हाही आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. उल्लंघन व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कारणे नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले.

## हे सुद्धा पहा

* प्रताधिकार
* सार्वजनिक अधिक्षेत्र
* अण्णा भाऊ साठे
* वामनदादा कर्डक
* गीतरामायण
* घाटकोपर